गल्लीतून नगरात: बेळगावातले माझे चार पत्ते



मला आज 'शहर आणि आपण' यावर बोलायला सांगितलंय. विषय लय मोठा आहे, म्हणून मी माझ्यापुरता छोटा करून घेतलाय. मी राज्यशास्त्रात एम.ए. करते. मूळ गाव खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला. बारावी झाल्यावर शिकायला बेळगावात आले. पाच वर्षांत चार पत्ते झाले: आधी वडगाव, मग जुन्या बेळगावातली एक गल्ली, मग टिळकवाडी आणि आता शहराबाहेरचं एक नगर. शहर तेच, पण प्रत्येक ठिकाणी मी वेगळ्या गावात राहिल्यासारखी राहिले. त्याबद्दल बोलणार आहे.

मुद्दा आधीच सांगून टाकते. सीमाभागातली आपण पोरं भाषेबद्दल बोलतो तेव्हा पाट्यांबद्दल, कागदपत्रांबद्दल, शाळांबद्दल बोलतो. ते बोलायलाच पाहिजे. पण भाषा रोज जिथे वापरली जाते ती जागा म्हणजे आपली वस्ती. घराचं दार रस्त्यावर उघडतं की कंपाउंडच्या आत, पाणी किती दिवसांनी येतं, संध्याकाळी बसायला कट्टा आहे की नाही, यावर मराठी किती बोलली जाणार ते ठरतं. आणि आपली पिढी गल्ली सोडून नगरात चाललीय. तिथे गेल्यावर काय करायचं, हे आपण एकमेकांशी बोललेलोच नाही.

पहिला पत्ता, वडगाव. माझी आत्या तिथे राहते. तिच्या घरात पुढच्या खोलीत यंत्रमाग आणि मागच्या खोलीत माणसं. शहापूर, वडगाव, खासबाग हा सगळा विणकरांचा पट्टा. माग सुरू असला की शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलावं लागतं. पहिला आठवडा मला झोप लागली नाही. नंतर वीज गेली आणि माग थांबला की जाग यायला लागली.

आत्याच्या घरी मराठी, पण मागावर कानडी. शेजारची दोन घरं कानडी बोलणारी. त्यांच्या घरी आत्या कांड्या भरायला बसली की बोलणं कधी या भाषेत, कधी त्या भाषेत चालायचं. कुणी कुणाला 'माझ्या भाषेत बोल' असं म्हटलेलं मी ऐकलं नाही. सुताचा भाव, साडीला मिळणारी मजुरी आणि वीज या तीन गोष्टींवर दोघांचं दुखणं एकच होतं.

शहापूरची एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. आज आपण बेळगाव-शहापूर एका दमात म्हणतो, पण १९४८ पर्यंत शहापूर सांगली संस्थानात होतं आणि बेळगाव इंग्रजांच्या मुलखात. म्हणजे एका बाजाराच्या मधोमध राज्याची हद्द होती. संस्थान विलीन झालं, हद्द पुसली गेली. पण होळी आली की ती हद्द अजून दिसते. बेळगावातल्या गल्ल्यांत धुळवडीला रंग खेळतात आणि शहापूर-वडगावकडे पाच दिवसांनी रंगपंचमीला. जुनी माणसं सांगतात, ही संस्थानी रीत आहे. माझ्यासारखीला दोन्हीकडे मैत्रिणी असल्या की दोनदा रंगायला मिळतं! पण गंमत बाजूला ठेवली तरी हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. कागदावरची रेघ एका दिवसात पुसता येते, माणसांच्या सवयींतली रेघ पिढ्यानपिढ्या राहते. आणि सवयींत टिकलेली गोष्ट कुणाच्या हुकुमावाचून टिकते.

दुसरा पत्ता जुन्या बेळगावातला. गल्लीचं नाव सांगत नाही, कारण पुढे थोडं वाकडं बोलणार आहे. खडेबाजारापासून चालत पाच-सात मिनिटांवर, माडीवरची एक खोली. खाली घरमालकीण काकू. दार उघडलं की थेट रस्ता. घर आणि गल्ली यांच्यामध्ये एक पायरी, आणि त्याच पायरीवर सगळं आयुष्य. भाजी निवडणं, लग्नाच्या याद्या, पोरांचा अभ्यास, भांडणं, सगळं तिथेच.

त्या गल्लीत मराठी टिकवायला कुणी काही करत नव्हतं. टिकवायची गरजच पडत नव्हती. नळाला पाणी आलं की एक हाक जायची, "पाणी आलं गं!" आणि अख्खी गल्ली कळशा घेऊन बाहेर. किराणावाले घरात कानडी बोलायचे, दुकानात मराठी. सोन्याचं दुकान असलेले मारवाडी काका आमच्यापेक्षा चांगली बेळगावी मराठी बोलायचे, "काय की, कसं की" सकट. गणपतीत आणि शिवजयंतीच्या चित्ररथात गल्लीतलं प्रत्येक पोरगं कामाला. किराणावाल्यांचा मुलगा एका वर्षी चित्ररथात मावळा झाला. महिनाभर संवाद पाठ करत गल्लीत फिरत होता. त्याला कुठल्याही शाळेने मराठी शिकवली नव्हती, गल्लीने शिकवली.

आजारी पडले तेव्हा तीन घरांतून पेज आली. गल्लीचं हे देणं मी विसरणार नाही. आता वाकडं बोलते.

गल्ली सांभाळते तशी गल्ली बघतही असते. रात्री नऊनंतर आलं की दुसऱ्या दिवशी पायरीवर चौकशी. सोबत वर्गातला मुलगा असला तर चौकशी गावापर्यंत. माझा भाऊ रात्री बारापर्यंत कट्ट्यावर बसला तर तो मंडळाचा कार्यकर्ता आणि मी ग्रंथालयातून साडेनऊला आले तर काय बोलतात ते मुलींना सांगायला नको.

त्याहून मोठी गोष्ट भाड्याच्या खोलीची. माझ्या वर्गातली एक मैत्रीण माझ्याच गल्लीत खोली बघायला आली. मराठी बोलणारी, सीमाभागातलीच. एका घरात बोलणं सगळं ठरलं, डिपॉझिटही ठरलं. मग शेवटी प्रश्न आला, "आडनाव काय म्हणालीस?" तिने सांगितलं. संध्याकाळी निरोप आला की खोली पाहुण्यांना लागणार आहे. ती खोली पुढचे दोन महिने रिकामी होती. मी रोज तिच्यासमोरून जात होते.

संविधानाच्या कलम १९ मध्ये भारतात कुठेही राहण्याचा आणि स्थायिक होण्याचा हक्क दिलाय. आम्ही परीक्षेत हे पाठ करून लिहितो. पण ते कलम शासनाला बांधतं, घरमालकाला त्याची भीती नाही. आपण म्हणतो, भाषेमुळे आम्हाला दुय्यम वागवू नका. मग आपल्या माडीवरच्या खोलीसाठी आडनाव विचारणारं तोंडही आपलंच असतं, हे कुणी बोलायचं? मला वाटतं ते आपणच बोलायचं, आणि ते आपल्या भाषेत बोलायचं.

तिथूनच मी कॅम्पात शिकवणीला जायचे. त्याचेही दोन शब्द सांगते. १८१८ मध्ये किल्ला इंग्रजांच्या हातात गेला आणि १८३२ मध्ये छावणी बसली. अजून तिथली हवा वेगळी आहे. मोठमोठी झाडं, जुने बंगले, रुंद रस्ते, चर्च आणि कारभारही महापालिकेचा नाही, कॅन्टोन्मेंट बोर्डाचा. मराठा लाईट इन्फंट्रीचं केंद्र तिथेच. म्हणजे महाराष्ट्रभरातून आलेले जवान मराठीत बोलत जातात आणि बाजारात मात्र दुकानदाराची पहिली हाक हिंदीत येते. मी शिकवायचे ती मुलं शाळेत इंग्रजी, दारात हिंदी आणि आजीशी मराठी बोलायची. गल्लीपासून चालत वीस मिनिटांवर मराठी घरातल्या आतल्या खोलीत गेलेली होती. कुणी ढकलली नव्हती. बाहेर तिला काम उरलं नव्हतं, एवढंच.

तिसरा पत्ता टिळकवाडी. पीजीमध्ये एका खोलीत तिघी, महिना साडेपाच हजार, जेवणासकट. टिळकवाडीत पत्ता सांगायचा तर रेल्वे गेटचा नंबर सांगावा लागतो: पहिलं गेट, दुसरं गेट, तिसरं गेट. १९२४ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन याच बाजूला भरलं. त्या वेळची विहीर अजून आहे आणि काँग्रेस रोड हे नावही आहे. पुलं काही काळ इथल्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवत होते. वाचनालयं, नाटकं, गाण्याचे क्लास, सगळं या भागात. मराठी वाचणाऱ्या मुलीला यापेक्षा चांगली जागा शहरात मिळणार नाही.

पण तिथली मराठी पुस्तकातली. आमच्या गावाकडे आणि बेळगावच्या गल्ल्यांतही बायका 'मी आलो', 'मी जातो' म्हणतात. माझी आई तशीच बोलते, आजी तशीच बोलायची. मीही बोलताना तसंच बोलते, आज लिहून आणलंय म्हणून 'आले-गेले' चाललंय. टिळकवाडीत एका कार्यक्रमात मी म्हटलं, "मी आत्ताच आलो." समोरच्या बाईंनी सगळ्यांसमोर सुधारलं, "आलो नाही, आले. मुलगी आहेस ना?" लोक हसले. एक मुलगी पुढचे दोन तास काही बोललीच नाही. ती आमच्याच तालुक्यातली होती.

बघा, इकडे सरकारी कागद आपल्या मराठीला ओळखत नाही आणि तिकडे आपलीच माणसं आपली मराठी चुकीची ठरवतात. मधे जी पोर गप्प बसते, ती पुढे इंग्रजीत बोलायला लागते, कारण इंग्रजीत निदान स्त्रीलिंग-पुल्लिंगाची परीक्षा नाही. प्रमाण मराठी शिकूया, लिहूया, मीही लिहिते. पण बेळगावात 'मी आलो' म्हणणाऱ्या बाईने इतकी वर्षं मराठी पाण्याच्या रांगेत, बाजारात, शेताच्या बांधावर चालू ठेवलीय. तिला सुधारायच्या आधी तिचे आभार मानायला हवेत.

आता चौथा पत्ता. माझ्या दादाला नोकरी लागली, लग्न झालं, मूल झालं आणि त्याने शहराबाहेरच्या एका नगरात फ्लॅट भाड्याने घेतला. मीही तिथेच राहते. चार मजले, सोळा घरं, पार्किंग, लिफ्ट. रस्ते सरळ, हवा मोकळी. रात्री साडेदहाला आले तरी कुणी विचारत नाही. मुलगी म्हणून खरं सांगते, पहिले सहा महिने मला स्वर्ग वाटला.

सोळा घरांत सहा मराठी, सहा कानडी, दोन उर्दू, एक कोकणी, एक तेलुगू. भांडण कुणाचंच नाही. व्हॉट्सअॅप ग्रुप इंग्रजीत. जिन्यात भेटलं की हिंदीत 'कैसे हो'. दोन मराठी घरं समोरासमोर, पण एक वर्ष एकमेकांशी हिंदी बोलत होती, कारण दारावर नुसता नंबर आणि दार कायम बंद. कळायचं कसं?

दादाचा मुलगा चार वर्षांचा आहे. त्याला मराठी कळते सगळी. पण उत्तर देतो हिंदीत, नाहीतर इंग्रजीत. गावाकडून आईचा फोन आला की ती विचारते, "बाळा, काय जेवलास?" आणि तो म्हणतो, "राइस." मग वहिनी मधे बसून आजीचं नातवाला आणि नातवाचं आजीला सांगते. घर मराठी आहे, आई-बाप मराठी आहेत, त्यावर कुठला सरकारी आदेश आलेला नाही. फक्त त्याच्या वयाच्या पोराला मराठीत ओरडून खेळायला, मराठीत भांडायला पायरी नाही. गल्लीत किराणावाल्यांच्या कानडी पोराला जे फुकट मिळालं, ते आमच्या मराठी पोराला मिळत नाहीये. हे मला फार लागलं. आणि मला माहितेय, इथे बसलेल्या निम्म्या लोकांच्या घरात असा एक बाळ्या आहे.

मग गल्लीत परत जायचं का? नाही. जुन्या घरांच्या वाटण्या होऊन भिंती उठल्यात, गाडी लावायला जागा नाही आणि दुकानांच्या भाड्यापुढे राहणाऱ्याचं भाडं टिकत नाही. शिवाय आडनाव विचारणाऱ्या गल्लीत सगळ्यांनी परत जावं असं मी कुठल्या तोंडाने म्हणू? इकडे हिंडलगा, कंग्राळी, मच्छे, पिरनवाडी ही गावंही शहरात मिसळत चाललीत. शेताचे प्लॉट पडतात, बायपासवरून शेतकरी वर्षानुवर्षं झगडतात. उद्या त्या शेतांवरही नगरंच उभी राहणार. आपल्याला नगरातच राहायचं आहे. प्रश्न आहे की तिथे पायरी कशी करायची.

आमच्याकडे ती पाण्यामुळे झाली. बेळगावचं पाणी राकसकोप आणि हिडकलहून येतं. २००८ च्या सुमारास मोजक्या वॉर्डांत चोवीस तास पाण्याची योजना सुरू झाली आणि बाकी शहर नळाची वाट बघत राहिलं. म्हणजे तुम्ही कुठल्या वस्तीत राहता यावर तुमची सकाळ ठरते. आमच्याकडे मागच्या उन्हाळ्यात बोअर आटलं आणि टँकर सुरू झाले. टँकर आला की सोळा घरं खाली. पहिल्यांदा सगळ्यांनी एकमेकांची तोंडं नीट बघितली. दुसऱ्या मजल्यावरच्या अक्का म्हणाल्या, अर्ज कानडीत दिला तर लवकर हलेल. त्या सांगत गेल्या, मी त्यांच्याकडून अक्षर अक्षर विचारून लिहीत गेले. मग मी म्हटलं, सूचना फळ्यावर तिन्ही भाषांत लावूया. अक्काच म्हणाल्या, "लाव की, माझ्या सासूला मराठीच वाचता येतं." तो फळा अजून आहे. कानडी, मराठी, इंग्रजी, तिन्हीत लिहितो. टँकर बंद झाले, पण संध्याकाळी पार्किंगमध्ये चार खुर्च्या टाकून बसायची सवय राहिली. बाळ्या तिथे खेळतो. परवा समोरच्या घरातल्या पोराला म्हणाला, "माझा बॉल दे की!" त्या 'की'ने माझ्या आईला फोनवर रडू आलं.

आता शेवटचं, कामाचं सांगते.

एक. तुमचा वॉर्ड नंबर माहीत करून घ्या. बेळगाव महापालिकेत ५८ वॉर्ड आहेत. २०२१ मध्ये इथे पहिल्यांदा पक्षांच्या चिन्हांवर निवडणूक झाली. गल्लीत पंच मंडळी उमेदवाराला पायरीवर उभं करून विचारतात. नगरात पत्रक दाराखालून येतं आणि कचऱ्यात जातं. संविधानाच्या ७४व्या दुरुस्तीनुसार तीन लाख किंवा त्याहून जास्त वस्तीच्या शहरात वॉर्ड समित्या असायला हव्यात. २०११ च्या जनगणनेतच बेळगावची लोकसंख्या पावणेपाच लाखांच्या वर होती. तुमच्या वॉर्डाची समिती कुठे आहे, कोण आहे तिच्यात, हे लेखी विचारा. गटारासाठी, दिव्यासाठी, पाण्यासाठी जो माणूस रोज दिसतो, त्याचं भाषेबद्दलचं म्हणणंही लोक ऐकून घेतात.

दोन. जिथे भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा जास्त आहेत, तिथे महत्त्वाचे नियम आणि सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, असं केंद्राचं धोरण सांगतं. ते मागतच राहूया. पण आपल्या इमारतीचा फळा कुणाच्या आदेशाची वाट बघत नाही. तो उद्या सकाळी लावता येतो.

तीन. कानडी वाचायला शिका. हार म्हणून नाही. आपल्या नावावर काय लिहिलंय ते दुसऱ्याने वाचून सांगावं, यात आपला काय मान आहे?

चार. घरात भाड्याची खोली असेल तर आई-बाबांशी बोला. भाडं विचारा, काम विचारा. आडनावाचा प्रश्न निघाला की मधे बोला. थोडं भांडण होईल, होऊ दे.

पाच. आठवड्यातून एक तास, पार्किंगमध्ये, गच्चीवर, कुठेही, पोरांना मराठीत खेळवा. शिकवणी नको. लगोरी, लपंडाव, भांडण. ज्यांच्या घरी दुसरी भाषा आहे ती पोरंही येऊ देत.

आमच्या पार्किंगमध्ये दर रविवारी साडेपाचला असं चालतं. अक्का चहा करतात, साखर जरा जास्त असते. यायचं असेल तर या, पत्ता कार्यक्रमानंतर सांगते.